घोडी ओळखणारं घड्याळ

पंखा सुरू झाला की आधी धूळ भाजल्याचा वास येतो. मग मशीन एकदा खाकरतं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात आणि ते मला आजची तारीख विचारतं. होळी झाली की मी मंचरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत जाते आणि पिवळ्या पडलेल्या त्या डब्यावरची जुनी चादर काढते. बाहेर ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, रस्त्यानं कडब्याच्या गाड्या हेलकावत जात असतात, आणि नारायणगावकडून येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये विषय एकच, यंदा कुठल्या गावची यात्रा कधी आणि कुणाचा गाडा कुठल्या घाटात पळणार. इतरांना यात्रेची चाहूल पालख्या-पाळण्यांनी लागते. मला ती या भाजक्या वासानं लागते.

क्लासला दुरुस्तीसाठी येणारा माणूस दरवर्षी दारात उभा राहून तेच म्हणतो. मॅडम, आता तरी हा भंगारात द्या, याच्यापेक्षा माझ्या मोबाईलमध्ये जास्त दम आहे. मी त्याला म्हणते, तुझ्या मोबाईलला आधी एक घोडी ओळखून दाखवायला सांग, मग बोलू. तो हसतो. त्याला वाटतं बाईंचं डोकं फिरलंय. वाटू दे.

माझं सासर अवसरी बुद्रुकचं आणि माहेर नारायणगावच्या पलीकडे, आडबाजूला. आमच्याकडे घाट म्हटला की वळणावळणाचा रस्ता डोळ्यांपुढे आणायचा नाही. आमचा घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा लांब चढ, खाली सुरुवातीची रेषा, वर शेवटची. चार बैल, हलका लाकडी गाडा आणि पुढे स्वार घेऊन पळणारी एक घोडी. घोडीला बघून बैल पेटतात. एकेक गाडा एकटाच पळतो, त्या पळण्याला बारी म्हणतात, आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो त्या दिवशीचा घाटाचा राजा. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा. बैल कितीही गुणी असू देत, घड्याळ धरणारा हात खोटा असला की सगळं मुसळ केरात.

माझ्या लहानपणी तो हात माणसाचा असायचा. वर दोन म्हातारे हातात स्टॉपवॉच घेऊन बसायचे, खाली निशाण पडलं की अंगठा दाबायचे आणि बैल रेषेवर आले की पुन्हा दाबायचे. आता अंगठा तो अंगठाच. भाच्याचा गाडा आला की जरा लवकर दबायचा, भावकीतल्या भांडखोराचा आला की जरा रेंगाळायचा. माझे वडील, अण्णा, गाडामालक. बैलांवर त्यांचा एवढा जीव की आई म्हणायची, पुढच्या जन्मी तरी मला गोठ्यात जागा द्या. मी कॉलेजात होते त्या वर्षी आमचा गाडा असा काही पळाला की पाहणाऱ्यांनी आधीच भंडारा उधळला. सगळ्या घाटानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि माईकवरून पुकारलं, दुसरा.

लोक तंडायला उठले. काठ्या निघायच्या बेतात होत्या. अण्णांनी गाडा सोडला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दुसरा म्हणले, मग दुसरा." घरी आलो. आईनं पुरणपोळी वाढली, त्यांनी तुपाला नको म्हटलं. अण्णा तुपाला नको म्हणतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं डोकंच फिरलं. मी ताटावरून उठून म्हणाले, मी घड्याळ करते. असं घड्याळ की ज्याला अंगठाच नाही.

आणि केलं की! कॉलेजात बाकीच्या मुली लायब्ररीचा प्रोग्रॅम करत होत्या, मी बैलांचा केला. खालच्या रेषेवर एक दिवा आणि समोर त्याचा उजेड पकडणारा डोळा, वरच्या रेषेवर तसाच जोड. दोन्हीकडच्या तारा पाइपातून घाटाच्या कडेनं आणून कॉम्प्युटरच्या मागे जिथे प्रिंटरची वायर लावतात त्या रुंद तोंडात खुपसल्या. उजेड अडला की घड्याळ सुरू, पुन्हा अडला की बंद. सरांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, सर, तुम्ही यात्रेला या. ते आले नाहीत, पण मार्क चांगले दिले.

पहिल्याच वर्षी मात्र माझी अशी फजिती झाली की अजून गावात कुणाला हसायचं असलं की तीच गोष्ट काढतात. ज्या वेळा येत होत्या त्या ऐकून पुकारणाऱ्याचाच आवाज बसला. इतके वेगवान बैल भूतलावर नव्हते. पाच-सहा बाऱ्या झाल्यावर गर्दीतून एक आजोबा ओरडले, अरं, त्या घोडीला बक्षीस द्या, तिचंच टायमिंग सांगतंय ही पोरगी! खरंच होतं. सुरुवातीला घोडी रेषेच्या पुढेच उभी असते, तिथे काही बिघडत नाही. पण वरच्या रेषेवर बैलांच्या आधी पोचते ती घोडीच. माझ्या घड्याळानं इमानदारीत घोडी मोजली होती. आख्खा घाट पोट धरून हसला. मी लाल झाले, पण जागची हलले नाही. हे दुसऱ्या कुठल्या मुलखात घडलंच नसतं, कारण दुसरीकडे बैलांपुढे घोडी पळवतंय कोण?

मग वर्षभर मी त्या घोडीच्या मागे लागले. शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. घोडी एकटी असते, उजेड थोडाच वेळ अडतो आणि मोकळा होतो. बैलांची पुढची जोडी आली की मागोमाग दुसरी जोडी आणि गाडा असतो, उजेड बराच वेळ अडलेला राहतो. प्रोग्रॅमला एवढंच शिकवलं, की छोटा अडथळा आला तर टिपून ठेव पण थांबू नकोस, मोठा आला की तो जिथून सुरू झाला तो क्षण धर. पुढच्या यात्रेत घड्याळानं एकदाही घोडी मोजली नाही. त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि सासरी माझी ओळख करून देताना लोक म्हणायचे, ही ती घोडी ओळखणारी.

तेव्हापासून यात्रेला माहेरवाशिणी येतात, पोळ्या लाटतात, मैत्रिणींना भेटतात, आणि मी घाटाच्या माथ्यावर पत्र्याच्या मांडवात या डब्यासमोर बसते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, बायामाणसांनी घाटात बसायचं म्हणजे जरा अतीच. पण नवरा गुणाचा. गाडीत पुढच्या सीटवर कॉम्प्युटर, त्याला पट्टा लावलेला, आणि मी मागे. अजूनही तसंच जातो आम्ही.

आता कुणी विचारेल, अहो, इतकी वर्षं झाली, घड्याळ नव्या कॉम्प्युटरवर का नाही घेतलंत? घेतलं होतं. एकदा नाही, तीनदा. नव्या सिस्टिमा फार सावध असतात. प्रोग्रॅमला मागच्या तोंडाला थेट हात लावू देत नाहीत, मध्ये आपला पहारेकरी उभा करतात. उजेड अडला ही बातमी त्याच्याकडे जाते, तिथे इतर कामांच्या रांगेत उभी राहते आणि त्याला सवड झाली की माझ्यापर्यंत येते. पत्र टाइप करायचं असेल तर काही बिघडत नाही. पण बैलांची बारी अकरा-बारा सेकंदांत आटोपते, आणि पहिल्या-दुसऱ्यात पापणी लवायचंही अंतर नसतं. शिवाय मध्येच पडद्यावर निळं चक्र फिरायला लागतं, अपडेट चालू आहे, कृपया थांबा. बैलांना कसं सांगायचं थांबा म्हणून? माझ्या जुन्या मशीनवर त्या घडीला दुसरं कुणी कामालाच नसतं. त्याचं सगळं लक्ष रेषेवर.

मात्र जुनं ठेवायचं म्हणजे तसंच धूळ खात ठेवायचं, हा समज मला अजिबात मान्य नाही. जुन्याला दरवर्षी नवं करावं लागतं. हार्ड डिस्क घरघरायला लागली तेव्हा तिच्या जागी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बसवलं. मशीन ते ओळखेना. इंटरनेटवर शोधत गेले तर पोलंड देशातल्या एका म्हाताऱ्याची गाठ पडली. त्याचं विणकामाचं यंत्र याच जुन्या सिस्टिमवर चालतं, म्हणून तो अजून तिच्यासाठी नवे प्रोग्रॅम लिहीत बसतो आणि जगभरातल्या आमच्यासारख्यांना फुकट वाटतो. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्याला लिहिलं. त्यानं कार्ड चालू करून दिलं आणि विचारलं, तुमचं यंत्र काय विणतं? मी बैलगाड्याचा व्हिडिओ पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, मी हे सगळ्या कुटुंबाला दाखवलं, घोडी फार सुंदर आहे.

घाटात मोठा दिव्यांचा बोर्ड आला तेव्हा लोकांना त्यावर गाडामालकाचं नाव मराठीत हवं झालं. जुन्या सिस्टिमला मराठी ठाऊकच नाही. मग मी एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बसून काढलं, रांगोळी काढतात तसं. 'ळ' काही केल्या जमेना, त्यानं मला आठवडाभर रडवलं. मोबाईलवर थेट प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा एक वायर टाकून जुन्या मशीनला नव्या लॅपटॉपशी बोलायला शिकवलं. वेळ मोजायची जुन्यानं, मिरवायची नव्यानं. आज डबा जुना आहे, पण आतला प्रोग्रॅम गेल्या महिन्यातला आहे. हे मी जरा तोऱ्यातच सांगते, आणि का सांगू नये?

मध्ये बंदीची वर्षं आली. कोर्टानं शर्यती थांबवल्या आणि घाट ओस पडले. बैलांच्या हालांबद्दल जे बोललं जात होतं त्यातलं काही खरंही होतं. चाबूक मलाही कधी बघवला नाही, आणि आता नियम कडक झाले ते बरंच झालं. पण ती वर्षं कठीण गेली. आमच्या घाटात बाभळी उगवल्या. कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. अण्णांचे पळणारे बैल म्हातारे झाले, आणि या माणसानं त्या काळात काय करावं? चार खोंड विकत आणले. शर्यत नाही, उद्या होईल असं कुणी म्हणत नाही, आणि हे रोज पहाटे त्यांना नांगरलेल्या रानातून चालवून आणायचे, चारायचे, धुवायचे, त्यांच्याशी बोलायचे. लोक तोंडावर म्हणायचे, राव, कशाला ही हौस? अण्णा म्हणायचे, "सवय राहू दे जनावराला."

मी इकडे तेच करत होते. होळी झाली की मागच्या खोलीत जाऊन मशीन लावायचे. एका वर्षी आतली छोटी बॅटरी संपली आणि तारीख विचारताना त्यानं थेट जुन्या काळातली, माझ्या कॉलेजच्या वेळची तारीख दाखवली. बंदी आलीच नाही असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं आणि मग एकदम भरून आलं. बॅटरी बदलली, हातानं उजेड अडवला, वेळ आली. सवय राहू दे यंत्राला, म्हटलं.

बंदी उठली त्यानंतरची पहिली यात्रा. तो चैत्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. उन्हानं माती भुसभुशीत झालेली, टोमॅटोच्या रोपांना पाणी द्यायचं सोडून माणसं घाटाकडे निघालेली, भेळेचे गाडे, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या टोप्या. ज्यांनी बैल विकले होते ते नुसते बघायला आले आणि कोपऱ्यात डोळे पुसत उभे राहिले. आणि यात्रा कमिटीचे प्रमुख बबनतात्या माझ्याकडे आले, जरा अवघडून. म्हणाले, सुमे, राग मानू नको. एवढ्या वर्षांनी घाट भरतोय, सगळा महाराष्ट्र मोबाईलवर बघणार, तो पिवळा डबा बरा दिसत न्हाई. शहरातनं नवं घड्याळ मागवलंय. निकाल त्याचा. तुझं सोबतीला राहू दे.

सोबतीला! म्हणजे लग्नात करवली. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं, पण गावची लेक आणि यात्रेचा दिवस. मी मुकाट्यानं तारा जोडल्या. नवं घड्याळ घेऊन आलेला माणूस सज्जन होता. सायकल आणि धावण्याच्या स्पर्धांचं काम करायचा. बैलांपुढे घोडी पळते हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. त्यानं तोड काढली होती, घोडी गेली की एक बटण दाबायचं, मग घड्याळ पुढच्या अडथळ्याची वाट बघतं. घोडी चांगली पुढे असेल तर ते जमून जात होतं. दिवसभर दोन्ही घड्याळं जुळत होती. मी मनात म्हणत होते, आज माझं कामच नाही इथे.

दुपार कलली आणि शेवटच्या बारीला अण्णांचा गाडा जुंपला. बंदीत वाढलेले ते खोंड, आता भरलेले बैल, पण घाट त्यांनी कधी पाहिला नव्हता. एवढी गर्दी, एवढा गलका. ते बुजतील, आडवे जातील, अशी मला धास्ती. निशाण पडलं. बैल असे सुटले की घोडीच्या शेपटीला त्यांची नाकं लागायची तेवढी बाकी होती. स्वाराला घोडी काढून घ्यायला फुरसत मिळाली नाही. घोडी आणि बैल मिळून माझ्यासमोरून गेले, मातीचा वास आला, भंडाऱ्यानं आकाश पिवळं झालं. बोर्डाला आता नवं घड्याळ जोडलं होतं, तरी नाव झळकलं ते मी ठिपक्यांनी काढलेल्या अक्षरांत. अण्णांचं नाव, आणि वर, घाटाचा राजा.

अण्णा खालून धावत वर आले. या वयात, धावत. फेटा सुटलेला. लोकांनी त्यांना उचललं. बंदीची सगळी वर्षं त्या चेहऱ्यावरून धुऊन निघाली होती. आणि मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. छोटा अडथळा, मग केसभर फट, मग मोठा अडथळा. माझ्या घड्याळात अण्णा दुसरे होते. नव्या घड्याळवाल्याला बटण दाबायला वेळच मिळाला नव्हता. त्यानं घोडी मोजली होती.

कुणी मला विचारलं नव्हतं. निकाल त्या घड्याळाचा ठरला होता. मी पडद्यावर चादर टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, हात चादरीकडे गेला नाही, पण पायही उचलेनात. बापाचा आनंद स्वतःच्या तोंडानं मोडायचा, हे सोपं नाही. पण मग ती अंगठेवाली म्हातारी माणसं आठवली. भाच्यासाठी लवकर दबणारा अंगठा आणि बापासाठी गप्प बसणारी लेक, दोघांत फरक काय राहिला असता? मी उठले आणि बबनतात्यांना म्हणाले, "तात्या, नव्या घड्याळानं घोडी मोजली. आमचा गाडा दुसरा हाय."

तात्या दचकले. माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. "सुमे, तुझ्या बापाचा गाडा हाय तो. तुला कुणी इचारलंय का?"

एवढ्यात अण्णा आले. त्यांना कसं कळलं देव जाणे. बहुधा माझं तोंड पाहूनच. भंडाऱ्यानं माखलेला चेहरा, श्वास अजून लागलेला. त्यांनी तात्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "तुझ्या पडद्यावर काय आलंय?"

मी म्हटलं, "दुसरा."

अण्णांनी लोकांनी गळ्यात घातलेला हार काढला आणि तात्यांच्या हातात दिला. "मग दुसरा," ते म्हणाले. "माईकवर सांगा."

नव्या घड्याळाच्या माणसानं नंतर स्वतःच मोबाईलवर ती बारी हळू करून पाहिली. रेषेवर आधी घोडीची छाती होती. तो माझ्या मांडवात आला, त्या पिवळ्या डब्यापुढे वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, ताई, ह्याला हे कसं कळतं? मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानंही शिकावं, त्यात काय.

त्या संध्याकाळी आई पोळ्या वाढत होती. मी अण्णांकडे चोरून बघत होते. त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, तूप वाढ, हात आखडू नको.

त्या सगळ्या मोसमात ते ज्या-ज्या यात्रेला गेले तिथे लोक विचारायचे, पावणं, तुमच्या घाटात कितवे आला? अण्णा मान ताठ करून सांगायचे. परवाही मी चादर काढत असताना कुणीतरी फोनवर त्यांना तेच विचारत होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या आवाजातला तोरा तसाच होता.

"दुसरा," ते म्हणाले. "पण खरा."